कनेक्टिकट नदी, टर्नर्स फॉल्सचा कालवा आणि मुदत संपलेला परवाना

उत्तरा

धरणाच्या परवान्याला मुदत असते हे इथे राहायला येईपर्यंत मी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे धरण एकदा बांधलं की गाळाने भरेपर्यंत उभं. अमेरिकेत मात्र कंपनीचं, नगरपालिकेचं किंवा राज्य सरकारचं जलविद्युत धरण असेल तर त्याला केंद्राच्या ऊर्जा नियामक आयोगाचा, इथले लोक 'फर्क' म्हणतात त्याचा, परवाना लागतो. १९२० च्या कायद्याने तो जास्तीत जास्त ५० वर्षांचा. मुदत संपायच्या पाचेक वर्षं आधीच मालकाने 'मला पुढेही चालवायचंय' असं कळवायचं, आणि मग सगळा हिशेब नव्याने मांडला जातो. नदीत पाणी किती सोडणार, माशांचं काय, ढासळणाऱ्या काठांचं काय, लोकांनी नदीपर्यंत कुठून जायचं, सगळंच.

मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. इथलं टर्नर्स फॉल्स हे जुनं गिरणगाव. कागदाच्या गिरण्यांसाठी १८६० च्या दशकाच्या शेवटी अल्वा क्रॉकर नावाच्या उद्योजकाने वसवलेलं. कनेक्टिकट नदी इथे एका कातळी धबधब्यावरून उडी घ्यायची, तिथेच धरण आहे. धरणापाशी नदीचं बरंचसं पाणी गावाच्या बाजूने काढलेल्या कालव्यात वळवतात. कालवा सुमारे ३.४ किलोमीटरचा. वाटेत 'स्टेशन नंबर १' हे छोटं वीजघर आणि शेवटाला कॅबट हे ६२ मेगावॅटचं मोठं वीजघर. तिथे पाणी पुन्हा नदीला मिळतं. मधल्या चारेक किलोमीटरच्या मूळ पात्राला इथे 'बायपास रीच' म्हणतात. म्हणजे जी खरी नदी तिचंच नाव बायपास! दोन्ही वीजघरं मिळून जवळजवळ १६ हजार क्युसेक पाणी पिऊ शकतात, म्हणजे पूर सोडला तर वर्षातले बरेच दिवस अख्खी नदी कालव्यातून जाऊ शकते. जुन्या परवान्यानुसार माशांचा हंगाम संपला की मूळ पात्रात सोडायचं पाणी १२० क्युसेक. उन्हाळ्यात पुलावर उभं राहिलं की एका अंगाला काठोकाठ कालवा आणि दुसऱ्या अंगाला खडक.

धरणाच्या वरच्या अंगाला नॉर्थफील्ड माउंटन हा उदंचन प्रकल्प आहे, म्हणजे पाणी पंपाने वर चढवून साठवायचं आणि हवं तेव्हा खाली सोडून वीज करायची. डोंगराच्या पोटात वीजघर, माथ्यावर तलाव, आणि खालचा तलाव म्हणजे टर्नर्स फॉल्स धरणाने तुंबलेली सुमारे ३२ किलोमीटर नदी. नॉर्थफील्डचा परवाना १९६८ चा, टर्नर्स फॉल्सचा १९८० चा. दोन्हींची मुदत एकाच दिवशी, ३० एप्रिल २०१८ ला संपली. नूतनीकरणाची प्रक्रिया २०१२ ला सुरू झाली होती. फर्स्टलाइट ही मालक कंपनी, राज्याचं आणि केंद्राचं मत्स्य खातं, नदीवाल्या संस्था, होडीवाले, गावं आणि शेतकरी असे सगळे त्यात आहेत. २०२३ मध्ये पाणी आणि माशांबद्दल एक मोठा समझोता झाला. तरी मुदत संपल्यावरही कितीतरी वर्षं नवा परवाना नाहीच.

मला यातलं तांत्रिक फार कळत नाही, पण जनसुनावण्यांना जाऊन बसते आणि कागद वाचते. आपल्याकडे असं काही आहे का? खोपोली, भिरा, कोयना यांचा परवाना कधी संपतो? पाटबंधारे किंवा वीज मंडळातलं कुणी असेल तर कृपया लिहा.

जयु

छान लिहिलंयस. वाचतेय. मासे शिडी चढतात म्हणजे नक्की काय करतात ते सांग ना.

उत्तरा

जयु, इथला मुख्य मासा अमेरिकन शॅड. आपल्या पाल्याच्या, म्हणजे बंगाल्यांच्या हिल्साच्या, घराण्यातला. समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला नदीत वर चढतो. धरण आलं की वाट बंद. खाली होल्योक नावाच्या गावी १९५५ पासून माशांची चक्क लिफ्ट आहे. मासे एका हौदात शिरतात, हौद वर उचलतात आणि धरणाच्या वर सोडतात. चांगल्या वर्षी तिथून लाखांच्या घरात शॅड वर जातात.

त्यानंतरचा अडथळा टर्नर्स फॉल्स. इथे १९८० मध्ये शिड्या बांधल्या. काँक्रीटचे पायऱ्यापायऱ्यांचे हौद, प्रत्येकातून पाणी खालच्यात पडतं आणि मासा उलटा उड्या घेत चढतो. पण नमुना उचलला पश्चिमेकडच्या कोलंबिया नदीवरच्या सॅमन माशांच्या शिड्यांचा! सॅमन ताकदवान, उडी मारणारा. शॅड कळपाने पोहणारा, खळाळ दिसला की बिचकणारा. त्यातून कॅबटची शिडी चढून आलेला मासा पोचतो कालव्यात. तो सगळा कालवा पोहून वर कालव्याच्या तोंडाच्या दरवाजापाशी त्याला दुसरी शिडी चढायची असते. बरेच मासे कालव्यातच घोटाळतात आणि परत फिरतात. होल्योकहून निघालेल्यांपैकी फार थोडे टर्नर्स फॉल्स ओलांडतात. गंमत म्हणजे ज्या सॅमनसाठी एवढं केलं, तो या नदीत पुन्हा रुजवायचा केंद्राचा कार्यक्रमही २०१२ च्या सुमारास गुंडाळला गेला. शॅड सॅमनची शिडी चढत बसले.

दुसरा मासा शॉर्टनोज स्टर्जन. १९६७ पासून संकटग्रस्त यादीत. तो नेमका त्या कोरड्या पडणाऱ्या पात्रातच, रॉक डॅम नावाच्या नैसर्गिक कातळाजवळ, एप्रिल-मे मध्ये अंडी घालतो. वीजघर विजेच्या मागणीप्रमाणे चालू-बंद होतं आणि त्याच काळात अचानक पाणी कमी झालं की अंडी उघडी. नूतनीकरणातला निम्मा वाद या मूठभर खडकांवरचा आहे म्हटलं तरी चालेल.

आणि दरवर्षी शरद ऋतूत कालवा दुरुस्तीसाठी आठवडाभर रिकामा करतात, तेव्हा गाळात लॅम्प्रे या सापासारख्या लांबट माशाची पिल्लं अडकतात. गावातले लोक बादल्या घेऊन ती वेचून नदीत सोडतात. मी पण गेलेय. गुडघाभर गाळात शिरायची तयारी हवी!

पाटकरी

उत्तराताई, सविस्तर लिहितो. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, बराच काळ कालव्यांवर.

आधी कालवा कशासाठी ते. वीज होते ती पाण्याच्या उंचीवर आणि प्रवाहावर. धरण उंच न बांधता उंची मिळवायची असेल तर पाणी सपाट उताराच्या कालव्याने पुढे न्यायचं. नदी तेवढ्या अंतरात खाली उतरते, कालवा उतरत नाही. शेवटाला दोघांच्या पातळीतला फरक म्हणजे तुमची उंची. बांधणाऱ्याच्या दृष्टीने हुशारीचं काम आहे, त्यात दुष्टपणा नाही. मधलं पात्र कोरडं पडणार हे मात्र पहिल्या नकाशातच दिसत असतं.

आपल्याकडे शेतीच्या पाण्यावरची वीजघरं वेगळ्या जातीची आहेत. नीरा खोऱ्यातलं भाटघर १६ मेगावॅट, वीर ९ मेगावॅट. तिथे मालक शेती. आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं तर टर्बाइन फिरणार, नाहीतर बंद. वीज हा वरकड माल. त्यामुळे 'वीजवाल्याने नदी पळवली' ही तक्रार तिथे फारशी नाही. तक्रार असते टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची, की पाणी वेळेवर आलं नाही.

आता परवान्याचं. वीज कायदा २००३ च्या कलम ७ नुसार वीजनिर्मितीला परवानाच लागत नाही. मोठ्या जलविद्युत योजनेला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची संमती लागते, पण ती बांधण्यापूर्वी एकदाच. पर्यावरण मंजुरीही बांधण्यापूर्वीची. मुंबईत वीज वाटायचा परवाना २५ वर्षांचा असतो, वीज तयार करणाऱ्या धरणाला मात्र अशी तारीख नाही. म्हणून 'कोयनेचा परवाना कधी संपतो' याचं उत्तर: संपायला परवानाच नाही. कोयनेवर बंधन आहे ते कृष्णा लवादाचं. पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, त्याहून जास्त नाही. पण तो राज्याराज्यांतला वाद. नदीच्या पात्राचा वकील तिथे कुणी नव्हता.

मुदत असते ती करारांना. महाराष्ट्रात २००५ च्या धोरणाने लहान जलविद्युत प्रकल्प 'बांधा, वापरा, हस्तांतर करा' तत्त्वावर खाजगी मंडळींना दिले. हिमाचलात खाजगी प्रकल्प ४० वर्षांनी राज्याकडे यावेत अशी अट असते. आणि सगळ्यात मजेदार प्रकरण शानन. जोगिंदरनगरचं हे वीजघर मंडीच्या राजाने १९२५ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने इंग्रज सरकारला दिलेल्या जमिनीवर आहे. पुढे ते पंजाबकडे गेलं. आज ११० मेगावॅट. मार्च २०२४ ला ९९ वर्षं भरली, हिमाचल म्हणालं आमचं आम्हाला द्या, पंजाब सर्वोच्च न्यायालयात गेलं, केंद्राने जैसे थे ठेवायला सांगितलं. या सगळ्या वादात दोन राज्यं आहेत, पैसे आहेत, मालकी आहे. नदीत पाणी किती सोडायचं याचा उल्लेखसुद्धा मी बातम्यांत वाचला नाही. हा तुमच्या प्रक्रियेतला आणि आमच्यातला फरक.

तिरकस

म्हणजे साहेब, २०१८ ला मुदत संपली, आणि तेव्हापासून कंपनी वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर चालतेय. अटी जुन्याच. पात्रात पाणी तेच १२० क्युसेक. वीज विकणं चालू. उशीर झाला की फायदा कुणाचा? पुण्यातले पागडीचे भाडेकरूही याहून लवकर निघतात.

आणि मालक कोण तेही सांगा की. कॅनडाच्या सरकारी नोकरांच्या पेन्शनचा फंड. २०१६ पासून. नंतर प्रकल्पाची नोंदणी डेलावेअरमधल्या वेगळ्या कंपन्यांच्या नावावर नेली. नदी मॅसॅच्युसेट्सची, कंपनी कागदावर डेलावेअरची, नफा ओटावाच्या पेन्शनरांचा. लोकशाही प्रक्रिया छान आहे हो, फक्त त्यात मासा तेवढा वाट बघत बसतो.

शुभदा_बॉस्टन

मी वीज क्षेत्रात काम करते, म्हणून दुसरी बाजू थोडी मांडते. राग नको.

या धाग्यात नॉर्थफील्ड ओझरतं आलं, पण खरा दांडगा प्रकल्प तोच. सुमारे १,१६८ मेगावॅट, कॅबटच्या जवळपास एकोणीसपट. १९७२ मध्ये सुरू झाला तेव्हा हिशेब सोपा होता: व्हर्माँट यांकी अणुवीजघर रात्री बंद करता येत नाही, मागणी नसते, तर त्या विजेने नदीचं पाणी ८०० फूट वर चढवा आणि संध्याकाळी खाली सोडा. ते अणुवीजघर २०१४ च्या अखेरीला बंद पडलं. आता दुपारी सौर वीज जास्त होते आणि सूर्य मावळला की सगळे एकदम दिवे लावतात. गरज तीच राहिली, फक्त वेळ बदलली. काही मिनिटांत हजार मेगावॅट देणारी एवढी मोठी साठवण न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, दुसरी सहज उभी राहणार नाही. वर चढवायला लागणारी वीज खाली येणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते हे खरं. बॅटरीतही थोडी वाया जातेच.

शेतकऱ्यांची तक्रारही खरी आहे. नदीची पातळी पंपिंगमुळे दिवसातून वरखाली होते. परवान्यात १७६ ते १८५ फूट, म्हणजे ९ फुटांची मुभा आहे. एवढी मुभा रोज वापरत नाहीत, पण काठची माती ओली-कोरडी होत ढासळते असं वरच्या गावातले शेतकरी कितीतरी वर्षं सांगताहेत. कंपनीचे अभ्यास म्हणतात धूप मुख्यतः पुरामुळे. दोन्ही बाजूंचे अहवाल मी चाळलेत. माझं मत: पूर काठ तोडतो, पण रोजची वरखाली त्याला तोडण्यायोग्य करून ठेवते. हे माझं मत आहे, कंपनीत बोलले तर भुवया उंचावतील.

आणि पाटकरीकाका, महाराष्ट्रात हा विषय येतोच आहे. घाटघर २५० मेगावॅटचं आहे. आता सह्याद्रीत उदंचनाचे ढीगभर करार झालेत. भिवपुरी १,००० आणि शिरवटा १,८०० मेगावॅट हे टाटांचे दोन त्यात आहेत. त्यांच्या अटी आज लिहिल्या जातील त्या पुढे कोण आणि कधी उघडून बघणार?

उत्तरा

तिरकस, मुद्दा बिनतोड आहे, आणि इथल्या सुनावणीतही लोक तेच बोलतात. वर्षाचा परवाना देणं कायद्यातच आहे, नाहीतर मुदत संपल्या दिवशी वीजघर बंद करावं लागेल. पण उशिराचं कारण फक्त कंपनी नाही. आधी अभ्यास कोणते करायचे यावर वाद, मग अभ्यास. शॅडच्या पोटात रेडिओ टॅग घालून ते कालव्यात कुठे घोटाळतात ते बघितलं. होडीवाल्यांना बोलावून वेगवेगळं पाणी सोडून कोणत्या प्रवाहात वल्हवता येतं ते पाहिलं. मग त्यावरचे आक्षेप. मग राज्याचा पाण्याच्या गुणवत्तेचा दाखला. तो मिळाल्याशिवाय केंद्र परवाना देऊ शकत नाही, आणि राज्याने त्यात घातलेल्या अटी परवान्यात जशाच्या तशा येतात. राज्याच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार तेच. केंद्राच्या मत्स्य खात्यांनाही शिड्या आणि लिफ्टचा हुकूम द्यायचा अधिकार आहे, आयोगाला तो बदलता येत नाही. म्हणून कंपन्या समझोत्याला बसतात.

२०२३ च्या समझोत्यात एप्रिल आणि मे मध्ये मूळ पात्रात ६,५०० क्युसेक सोडायचे ठरले, नदीला तेवढं पाणी असेल तर. पुढे उन्हाळ्यात ते टप्प्याटप्प्याने कमी होतं, पण १२० च्या कितीतरी पट. धरणापाशी माशांची नवी लिफ्ट येणार, म्हणजे मासा कालव्यात न शिरता थेट पात्रातून वर जाईल. कॅबटची ती सॅमनवाली शिडी बंद होणार. होडीवाल्यांसाठी ठरलेल्या दिवशी जादा पाणी. नॉर्थफील्डच्या तोंडाशी हंगामात जाळं, कारण पंप माशांची पिल्लं ओढून घेतात.

केंद्राचं आणि राज्याचं मत्स्य खातं, होडीवाल्यांच्या संघटना यांनी सही केली. कनेक्टिकट रिव्हर कॉन्झर्वन्सी ही या खोऱ्यातली जुनी संस्था, तिने केली नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं, की लिफ्ट आणि जाळं परवाना मिळाल्यावरही कितीतरी वर्षांनी येणार, धुपीबद्दल समाधानकारक काही नाही, आणि एकदा परवाना दिला की पुढची ४०-५० वर्षं बोलायची सोय नाही. मला दोन्ही बाजू पटतात, पण सही करणाऱ्यांकडे थोडी जास्त झुकते. १२० पासून ६,५०० हे कागदावर तरी मोठं अंतर आहे.

धबधब्याचा इतिहास लिहिला नव्हता, तोही थोडा. १९ मे १६७६ ला पहाटे कॅप्टन टर्नरच्या तुकडीने इथे मासेमारीसाठी जमलेल्या मूलनिवासींची कत्तल केली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. गावाला नाव मिळालं त्या टर्नरचं. त्यांचे वंशज आणि त्यांच्यासोबत काम करणारे लोक आज याच सुनावण्यांत येऊन काठावरच्या जुन्या जागा राखायच्या अटी मागतात.

मुळशीतला

वाचून गप्प बसवत नाही म्हणून लिहितो.

आमच्या खोऱ्यात धरण आलं तेव्हा विचारणाऱ्यांना तुरुंग मिळाला. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते. शेवटी धरण झालंच. १९२७ पासून मुळशीचं पाणी बोगद्याने कड्यापाशी जातं, घाट उतरून भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिकेतून समुद्राला मिळतं. मुळा नदीचं पाणी, जे पुण्याकडे, भीमेकडे जायचं, ते कोकणात. तुमच्याकडे चार किलोमीटर पात्र कोरडं, आमच्याकडे नदीचं खोरंच बदललं.

शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत एकदाही कुणी अधिकृतपणे आमच्या आजोबांना, वडिलांना किंवा मला विचारलं नाही, की बाबा, पुढची ४० वर्षं हे असंच चालवू का, तुझ्या काही अटी? दुष्काळ पडला की पुणे-सोलापूरकडून मागणी होते, टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेला द्या. समित्या बसतात. पाऊस आला की विषय संपतो. उत्तराताईंच्या गावात उशीर होतोय, मान्य. पण तिथे तारीख तरी आहे. कंपनीला अर्ज करावा लागतो. अर्ज हा शब्दच कंपनीच्या बाजूने ऐकायला आम्हाला मिळाला नाही.

पाटकरी

मुळशीतले, तुमच्या दुःखाबद्दल वाद नाही. पण पाणी पूर्वेला फिरवायचं म्हटलं तर भिऱ्याच्या अवजलावर, म्हणजे वीज करून सुटलेल्या पाण्यावर, आज रोहा-धाटावची औद्योगिक वसाहत आहे, गावांच्या पाणीयोजना आहेत. कोलाडचं राफ्टिंग तर सगळं त्या वीजघरांतून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. वीजघर बंद, तर राफ्टिंग बंद. शंभर वर्षांत खालच्या बाजूलाही हक्कदार तयार झालेत.

मुळशीतला

काका, तेच तर म्हणतोय. टर्नर्स फॉल्सला होडीवाल्यांनी टेबलावर बसून पाणी मागून घेतलं आणि ते परवान्यात लिहिलं जाणार. कोलाडच्या राफ्टिंगवाल्याला पाणी मिळतं ते वीजघर चाललं म्हणून. उद्या वेळ बदलली तर तो कुणाला कागद दाखवणार? पूर्वेचे, पश्चिमेचे, धरणग्रस्त, सगळे एका टेबलावर बसतील असा दिवस कायद्यानेच ठरवलेला हवा. निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी चालेल.

गणोबा

अमेरिकेत धरणं पाडतात असं ऐकलंय. ते याच प्रक्रियेतून का?

शुभदा_बॉस्टन

काही वेळा. मेन राज्यातलं केनेबेक नदीवरचं एडवर्ड्स धरण, १८३७ चं, वीज जेमतेम साडेतीन मेगावॅट. १९९७ मध्ये आयोगाने नूतनीकरण नाकारलं आणि काढायला सांगितलं. १ जुलै १९९९ ला फोडलं. मालकाच्या इच्छेविरुद्ध आयोगाने असं करायची ती पहिलीच वेळ. त्यामागे १९८६ ची दुरुस्ती होती: मासे, वन्यजीव, करमणूक यांना विजेइतकंच वजन द्यायचं.

क्लामाथ नदीवर वेगळं घडलं. तिथला परवाना २००६ ला संपला. तिरकस, ऐका, तेव्हापासून सोळा वर्षं वर्षावर्षाच्या परवान्यावर! पण नवा परवाना घ्यायचा तर माशांच्या वाटा बांधायचा खर्च एवढा की कंपनीलाच धरणं काढणं स्वस्त वाटलं. २०२४ पर्यंत चार धरणं निघाली. म्हणजे आयोगाने हुकूम न देताही अटींनी काम केलं.

टर्नर्स फॉल्समध्ये असं काही होणार नाही. त्या धरणाच्या पाण्यावर नॉर्थफील्ड उभं आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर अमेरिकेचं फार कौतुक होईल. हूवर, ग्रँड कूली ही केंद्र सरकारची धरणं. त्यांना हा परवाना लागतच नाही, म्हणून मुदतही नाही. राज्याच्या मालकीची असतील तर लागतो. न्यूयॉर्क राज्याच्या नायगारा प्रकल्पाला २००७ मध्ये नव्याने ५० वर्षांचा घ्यावा लागला.

तिरकस

म्हणजे कोयना तिकडे नेली तर परवाना लागेल. बातमी आवडली. (क्लामाथचे सोळा वर्षांचे कागद माझ्या बाजूने धरतो.)

जयु

मी कनेक्टिकट राज्यात राहते, याच नदीच्या खाली. नागरिक नाही, नवऱ्याच्या व्हिसावर आहे. मला मत नोंदवता येतं का? आणि ते मासे बघायला मिळतात का?

उत्तरा

येतं. आयोगाच्या संकेतस्थळावर कुणीही लिहू शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत. टर्नर्स फॉल्सचा क्रमांक पी-१८८९, नॉर्थफील्डचा पी-२४८५. दोन्ही घालायचे. नावासकट सार्वजनिक होतं एवढं लक्षात ठेव. नुसतं मत नोंदवणं आणि पक्षकार होणं वेगळं. पक्षकार व्हायची ठराविक मुदत असते, आणि निकालावर फेरविचार मागायचा हक्क पक्षकारालाच. 'मी विरोधात आहे' एवढंच लिहून उपयोग नाही. अमुक महिन्यात अमुक ठिकाणी पाणी असं दिसलं, असं लिहिलं तर ते अहवालात उचललं जातं.

मासे मे ते जूनच्या मध्यापर्यंत. धरणापाशी शिडीला काचेच्या खिडक्या आहेत, बघायला फुकट. शॅडपेक्षा लॅम्प्रेच जास्त वेळ काचेला चिकटून बसतात. मुलांना आवडतं, मोठी माणसं दोन पावलं मागे सरतात.

मुळशीतला

काका, तुम्ही २००५ च्या धोरणाचं लिहिलंत. आमच्या तालुक्याजवळ एका कालव्यावर असं खाजगी वीजघर आहे. त्याचा करार बघायला मिळेल का?

पाटकरी

माहितीचा अधिकार लावा. संबंधित पाटबंधारे विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, मराठीत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कराराची संपूर्ण प्रत मागा, 'माहिती द्यावी' असं मोघम नको. सोबत तीन गोष्टी स्वतंत्र मागा: करार सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख, हस्तांतराच्या वेळी यंत्रं कोणत्या स्थितीत द्यायची ते कलम, आणि गेल्या पाच वर्षांत महिनावार टर्बाइनमधून किती पाणी सोडलं आणि सांडव्यावरून किती. शेवटचं रजिस्टरमध्ये असतंच, नाही म्हणाले तर नोंदवही पाहायची परवानगी मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. 'व्यापारी गुपित' म्हणून नाकारतील. तेव्हा लिहा, की धरण आणि पाणी सरकारी आहे, करार सरकारने केलेला आहे.

प्रत मिळाली की इथे टाका. तारखेचं कलम साधारण कुठे असतं मला माहीत आहे, बघून सांगतो.